नकळत दारू सोडवणाऱ्या वैद्यराजांस

वैद्यराज,

तुमचं नाव लिहिता येत नाही, कारण तुमच्या जाहिरातीत ते कधीच नसतं. एसटी स्टँडच्या मुतारीत, आठवडी बाजाराच्या भिंतीवर, काळीपिवळीच्या मागच्या काचेवर फक्त मोबाइल नंबर असतो आणि मजकूर: पेशंटला न सांगता दारू कायमची बंद, चहात किंवा भाजीत मिसळून द्या, शंभर टक्के गॅरंटी.

तुमचं गिऱ्हाईक कोण, हे बीड जिल्ह्यात सांगावं लागत नाही. शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणीची बाई. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली, दसरा-दिवाळी झाली की बिऱ्हाड सातारा, सांगली, कोल्हापूरला नाहीतर कर्नाटकात. अंग दुखतं म्हणून नवरा रात्री पितो, सकाळी उठत नाही, आणि मुकादम खाडा लावतो तो दोघांच्या कोयत्यावर. हंगाम संपून पट्टा पडला की हिशोबात उचल फिटलेली नसते. तरीही लुगड्याच्या गाठीत तिनं चार पैसे राखलेले असतात. ते तुम्ही नेता.

त्या पुडीत काय आहे? राख किंवा चूर्ण असेल तर तुम्ही फक्त लुटारू आहात. पण डायसल्फिरॅम असेल तर? १९४८ साली कोपनहेगनच्या डॉक्टरांनी ते दारूवरचं औषध म्हणून पुढे आणलं. ते पोटात असताना दारू घेतली की शरीरात विषारी घटक साचतो. तोंड लाल होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर यकृत, हृदय तपासतात आणि पेशंटला स्पष्ट सांगून, त्याच्या संमतीनेच हे औषध देतात. तुम्ही ते भाजीत लपवायला सांगता. रात्री दोन वाजता फडातल्या कोपीत माणूस कोसळला, तर पोलीस विचारणार बाईला. तुमचा फोन तेव्हा बंद असेल. घाबरून त्यानं एकदम दारू टाकली, तरी धोका टळत नाही. वर्षानुवर्षं पिणाऱ्याला दोन-तीन दिवसांत थरथर सुटते, फिट येते, नसलेलं दिसू लागतं. त्याला दवाखाना लागतो, पुडी नाही. औषधांच्या फसव्या जाहिरातींना १९५४ पासून कायद्यानं बंदी आहे. तुमच्या भिंतीपर्यंत तो कायदा पोचलेला नाही.

पण माझा खरा राग वेगळा आहे. दारू सुटण्याच्या सगळ्या प्रवासातून तुम्ही त्या माणसालाच वगळलंत.

१९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथं दारू उतरायला काही दिवस पुरतात. बाकीचे आठवडे माणूस बोलायला शिकतो. दहा जणांसमोर सांगतो, मी मंगळसूत्र विकलं, मी पोराला मारलं. दारू सोडू पाहणाऱ्यांचे गट चालवणाऱ्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसची सुरुवात १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावी दोन दारुड्यांच्या भेटीतून झाली. त्यातला एक शेअरबाजारातला, दुसरा चक्क सर्जन. त्यांच्या बारा पायऱ्यांत दारूपुढे हरल्याची कबुली पहिल्याच पायरीत संपते. पुढे स्वतःची झाडाझडती आहे, ती दुसऱ्या माणसाला सांगणं आहे, दुखावलेल्यांची यादी आहे, भरपाई आहे. देव कसा मानायचा, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

आपल्याकडे ही वाट जुनीच आहे. सप्ताहात, सगळ्या गावादेखत, माणूस तुळशीची माळ घालतो. गुत्त्यावर जाण्याच्या वेळी तो हरिपाठाला बसतो, काल शिवी दिलेल्याच्या पाया पडतो. माळेनं सावरलेली घरं या जिल्ह्यात गावोगाव आहेत, आणि मी त्या श्रद्धेपुढे मान झुकवतो. तरी एक गोष्ट बोललीच पाहिजे. नुसती माळ घातली आणि आतलं कुणाशी बोललाच नाही, तर दारू थांबते, हात उगारणं थांबत नाही. सोळाव्या वर्षी प्यायला लागलेला माणूस राग, लाज, भीती सहन करायला शिकलेलाच नसतो. चाळिशीत दारू सुटली की हे सगळं एकदम अंगावर येतं. तेव्हा त्याला शेजारी बसून ऐकणारा लागतो. कीर्तनानंतर माळकऱ्यांनी अशी एक बैठक धरावी, ही माझी कळकळीची मागणी आहे.

तुमच्या धंद्यात माणूस पुन्हा प्याला की डोस कमी पडला, दुसरं पाकीट घ्या. गटात मात्र विचारतात, त्याआधी काय झालं होतं? मुकादमानं पोरीसमोर शिवी दिली होती. बहिणीच्या लग्नाचं कर्ज आठवलं होतं. ही उत्तरं सापडली तर पुढची वेळ टळू शकते.

आणि त्या बाईचं काय केलंत तुम्ही? दारुड्याच्या घरात ती आधीच खोटं बोलून थकलेली असते. मुकादमाला सांगते त्याला ताप आहे, सासूला सांगते पैसे हरवले. तिलाही बोलायला जागा हवी असते. मुक्तांगणात बायकांचे वेगळे गट आहेत ते त्यासाठीच. तुम्ही तिच्या हातात रोजच्या ताटातलं आणखी एक खोटं दिलंत. उद्या नवऱ्याला कळलं, तर तिच्या हातचं पाणी तरी तो विश्वासानं पिईल का? पैसे गेले ते गेलेच, पण ज्या विश्वासावर हा माणूस उभा राहायचा होता, तोही तुम्ही तिच्याच हातून मोडायला लावलात.

दसऱ्यानंतर टोळ्या पुन्हा निघतील. त्याआधी पाकिटावर आत काय आहे ते लिहा आणि खाली स्वतःचं नाव. ते जमणार नसेल तर भिंती पुसा आणि त्या जागी सरकारी नशामुक्ती हेल्पलाइनचा नंबर लिहा, १४४४६. मग घेतलेले पैसे परत करायला निघा. दुखावलेल्यांची यादी करताना दारुड्याला फार आठवावं लागतं. तुम्हाला ते कष्ट नाहीत, त्या सगळ्या बायकांचे नंबर तुमच्या मोबाइलमध्ये आहेत.