गाडी विकता, मग वही का देत नाही?

जुनी केटरहॅम सेव्हन विकत घेतली की मालक बरंच काही हवाली करतो. घडी घालून ठेवलेलं छत, दारांऐवजी लावायचे बाजूचे पडदे, जुन्या स्पार्क प्लगचा डबा, बिलांनी फुगलेली फाइल. मिळत नाही ती एक वही. ही गाडी कोणी जोडली, कुठले भाग घालून जोडली आणि पुढे तिच्यात काय काय बदललं, एवढंच त्या वहीत हवं असतं. इंग्लंडमध्ये ही गाडी बाळगणाऱ्याच्या निम्म्या कटकटी या न लिहिलेल्या वहीतून निघतात, आणि त्या निमूटपणे सोसायचं मला काही कारण दिसत नाही.

सेव्हन मुळातच घरी जोडायची गाडी. कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीने ती १९५७ मध्ये आणली, तेव्हा ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून लोखंडी नळ्यांची चौकट, अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, इंजिन, चाकं असं सगळं सुटं घ्यायचं आणि आपल्या गॅरेजमध्ये जोडायचं. १९७३ मध्ये खरेदी कर गेला, त्याच वर्षी सेव्हन बनवायचे हक्क सरे परगण्यातल्या केटरहॅमकडे आले. कर गेला तरी घरी जोडायची हौस टिकली. मला ती फार मोलाची वाटते. आपली मोटार आपल्या हाताने उभी करायची संधी सामान्य नोकरदाराला दुसऱ्या कुठल्या गाडीने दिली?

पण हातांनी जोडलेल्या दोन गाड्या सारख्या निघत नाहीत. एवढ्या वर्षांत सेव्हनमध्ये फोर्डची इंजिनं आली, रोव्हरची आली, व्हॉक्सॉलची आली, सुझुकीचं ६६० सीसीचंही आलं. मागचा अ‍ॅक्सल कधी मॉरिसचा, कधी डी डिऑन पद्धतीचा. त्यामुळे सुटा भाग मागायला गेलं की दुकानदार आधी पाच प्रश्न विचारतो: साल कुठलं, चौकट अरुंद की रुंद, इंजिन कुठलं, गिअरबॉक्स कुठला, अ‍ॅक्सल कुठला? ही उत्तरं कारखान्याच्या कागदावर असतात ती जन्माच्या वेळची. नंतरच्या मालकाने गिअरबॉक्स बदलला असेल तर तो कागद निरुपयोगी. मग गाडी जॅकवर चढवा, बॅटरी घेऊन खाली शिरा, ओतीव धातूवरचे आकडे पुसून वाचा. मागच्या मालकाने एक ओळ लिहिली असती तर ही सकाळ वाचली असती.

पान्यांचंही तेच. जुन्या गाड्यांमध्ये इंचाचे आणि मिलिमीटरचे नटबोल्ट शेजारी शेजारी असतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, आणि जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात. कुठे इंचाचा बोल्ट आहे हे ज्याने घातला त्याला ठाऊक असतं. त्याने ते सांगायला नको?

माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर नाव नसलेल्या स्विचांची एक रांग आहे. त्यातला एक रेडिएटरचा पंखा हाताने चालू करायचा आहे, हे मला वाहतूक तुंबलेली असताना आणि तापमानाचा काटा चढत असताना शोधावं लागलं. मागे गेलेल्या सगळ्या तारा एकाच रंगाच्या. चिकटपट्टीचा तुकडा आणि पेन, एवढ्यावर भागणारं काम होतं हे.

याहून गंभीर बाब वजनाची. ही गाडी पाचशे किलोच्या आसपास भरते, म्हणजे ऐंशी किलोचा चालक तिच्या वजनाचा जवळजवळ सहावा हिस्सा. म्हणून चारी चाकांवरचा भार जुळवताना चालकाच्या सीटवर त्याच्या वजनाइतकं ओझं ठेवतात. मालक बदलला की ते गणित बदलतं. टायरमधली हवाही १८ ते २० पीएसआयच्या घरात ठेवायची असते. नेहमीच्या टायरवाल्याकडे दिली तर तो सवयीने तीसच्या वर भरतो आणि ओल्या वळणावर गाडी सरकते. आधीच्या मालकाने कुठले आकडे ठेवले होते, कोणाच्या वजनाला ठेवले होते, हे माहीत असणं सुरक्षिततेचा भाग आहे.

सेव्हनवाले माणसं म्हणून उमदे आहेत, हेही सांगायला हवं. रविवार सकाळच्या फेरीत, जिला ते ब्लॅट म्हणतात, कोणाची गाडी बंद पडली तर पावसात चिखलात आडवे होऊन दुरुस्त करतील, पैशाचं नावही काढणार नाहीत. कार्बन फायबरच्या मडगार्डने किती ग्रॅम वाचले ते त्यांना तोंडपाठ असतं. ब्रेकचं तेल शेवटचं कधी बदललं म्हणून विचारा, शांतता पसरते. हे तेल हवेतली ओल शोषतं, दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि त्याची तारीख ग्रॅमहून मोठी आहे.

बिलांची फाइल पुरेशी आहे, असं ते म्हणतात. मला पटत नाही. बिल सांगतं काय विकत घेतलं. ते गाडीत बसवलं की पुढे कोणाला विकलं, हे बिल सांगत नाही. दुसरं कारण देतात ते असं, की सगळं लिहिलेलं दाखवलं तर गिऱ्हाईक बिचकतं. उलट आहे. सातबारा न पाहता आपण गुंठाभर जमीन घेत नाही. ज्या गाडीचे दोष लिहून ठेवले आहेत ती गाडी मी आनंदाने चार पैसे जास्त देऊन घेईन.

तेव्हा सेव्हन बाळगणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. साधी शंभर पानी वही घ्या. इंजिन, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल कुठला ते पहिल्या पानावर लिहा. पुढे तारीख घालून प्रत्येक बदल, इंचाचे बोल्ट कुठे आहेत, कुठली तार कुठे जाते, टायरमध्ये हवा किती. अर्धवट राहिलेली कामंही लिहा. आणि गाडी विकाल तेव्हा ती वही किल्लीसोबत द्या.