काकूचा कचरा

सकाळी पावणेआठच्या सुमारास मानसरोवर वसाहतीतल्या काकूच्या गल्लीत गाणं वाजवत हूपर येतो. हूपर म्हणजे जयपूरची घंटागाडी. गाणं कानावर पडलं की जिने धडधडायला लागतात. कुणी गाऊनवर ओढणी टाकून, कुणी तोंडात ब्रश धरून, दोन्ही हातांत निळे-हिरवे डबे घेऊन पळत सुटतो. या धांदलीत आमची काकू नीट साडी नेसून, रिकाम्या हातांनी फाटकाशी उभी असते. ती कचरा टाकायला येत नाही. लोक काय काय टाकतात ते बघायला येते.

काकांच्या बदलीबरोबर ती इथे आली, त्याला तीसेक वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तिचं हिंदी सुधारलं नाही आणि घरातून काही बाहेर गेलं नाही. 2016च्या नियमांनी घरच्या कचऱ्याचे तीन भाग करायला सांगितले होते: ओला, सुका आणि घातक. काकूही तीनच करते: लागेल, लागेलच आणि बोहारणीला. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बायका जयपुरातही फिरतात. त्यांना इथे बोहारीण म्हणत नाहीत, पण काकू गॅलरीतून "ओ बोहारीणबाई!" अशीच हाक मारते आणि त्या थांबतातही.

तिला पर्यावरणाचं प्रेम आहे असा माझा बरेच दिवस समज होता. तसं काही नाही. वस्तू टाकणं म्हणजे तिला त्या वस्तूचा अपमान वाटतो, एवढंच. दोडका घ्या. ती तो सोलायला बसली की शिरा ताटात मध्यभागी येतात आणि दोडका बाजूला पडतो. शिरा खरपूस परतायच्या, तीळ आणि सुकं खोबरं घालून चटणी करायची. ती चटणी फार सुरेख होते हे मान्य करायला हवं, पण नंतर दोडक्याची भाजी करताना तिचा उत्साह मावळलेला असतो. अख्खा दोडका ती शिरांसाठीच आणते, असा काकांचा आरोप आहे.

या बाबतीत तिला एकदाच कुणी हरवलं. शेजारच्या भाभीजींनी एका उन्हाळ्यात वाटीभर भाजी पाठवली. दुधीसारखी, पण जरा करकरीत. ती कलिंगडाच्या सालीची होती! वरचा हिरवा पापुद्रा काढून आतल्या पांढऱ्या गराची. वाळवंटाशेजारची माणसं, कैर आणि सांगरीसुद्धा वाळवून वर्षभर पुरवून खाणारी. काकू बराच वेळ वाटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अरे, तीस वर्षं मी ही सालं खतात घालतेय!" स्वर असा, की जणू तीस वर्षं पगारच उचलला नव्हता. तेव्हापासून दोघींची घट्ट मैत्री झाली आणि दोन्ही घरांतल्या पुरुषांचे हाल वाढले.

खत गच्चीवर होतं, माठांत. इथलं पाणी जड. सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरून वाफ होते म्हणून माठ गार राहतो. क्षारांनी ती छिद्रं बुजली की एकदोन उन्हाळ्यांत तो नुसता मडकं होतो. असे निवृत्त माठ काकूने भोकं पाडून पुन्हा कामाला लावलेत. तळाशी कडुनिंबाचा पाला, वर भाजीचे देठ-साली, पुन्हा पाला, आणि विरजण म्हणून आंबट ताक. पुण्याला माझ्या बायकोचं खत ओलं राहून त्यात अळ्या झाल्या, हे ऐकून काकू हसली. जयपूरच्या मे महिन्यात सालींचे पापड होतात. इथे उलट पाणी शिंपडावं लागतं. तेही नळाचं नाही. आरओच्या नळीतून वाया जाणारं बादलीत धरते आणि त्यात थोडं ताकाचं भांडं विसळलेलं. शहराला बनासवरच्या बीसलपूर धरणातून पाणी येतं, आणि 1982च्या एशियाडमध्ये जिथे नौकानयन झालं तो रामगढचा तलाव पुढे कोरडा पडला. काकूला हा इतिहास तोंडपाठ आहे आणि अंघोळीला जास्त वेळ लावणाऱ्याला ती तो दाराबाहेरून ऐकवते.

मग ते संत्र्याच्या सालींचं प्रकरण. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी. तीन महिने मुरवलं की फरशी पुसायचं औषध तयार होतं. पहिला महिनाभर मात्र झाकण रोज उघडून वायू सोडावा लागतो. काकू नागपूरला लग्नाला गेली आणि हे काम काकांवर आलं. पाचव्या रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात असा बार उडाला की सिलिंडर फुटला समजून खालचे लोक रस्त्यावर आले. काकूने फोनवर आधी विचारलं, "बाटली गेली का?" आणि मग, "तुम्ही बरे आहात ना?"

एकदा मी तिला सांगानेरला नेलं. तिथे सुती कापडाच्या कातरणांचा लगदा करून हातकागद बनवतात. झाड तोडावं लागत नाही. हौदातल्या त्या चिंध्यांसमोर काकूने नकळत हात जोडले. मग कारखान्यातल्या माणसाला हळूच म्हणाली, "भैया, हमारे पास चार बोरी पडेला है." पण घरी आल्यावर एकही पोतं द्यायला तिचं मन होईना. त्याच्या गोधड्या झाल्या. जयपुरी रजाई पिसासारखी हलकी म्हणून जगभर जाते. त्याच गावात मी सात साड्यांच्या गोधडीखाली झोपतो. कूस बदलायची तर आधी ठरवावं लागतं.

तर परवाची गोष्ट. हूपरवरच्या पोऱ्याने अखेर विचारलंच, "आंटीजी, आपके यहाँ का कचरा कहीं और जाता है क्या?" गल्लीत तशी कुजबुज होतीच, की हे मराठी लोक रात्री स्कूटरवरून जाऊन द्रव्यवतीत टाकून येत असणार. (या द्रव्यवती नदीला परवापरवापर्यंत सगळे अमानीशाह नालाच म्हणायचे.)

"हमारे इधर कचरा गिरताच नहीं," काकू म्हणाली. पण बोल लागला होता. ती वर आली, माझ्या खोलीत गेली आणि एक पुडी घेऊन खाली उतरली. त्यात माझ्या वेफर्सची चार रिकामी पाकिटं होती. प्लॅस्टिक आणि चंदेरी पापुद्रा एकमेकांना चिकटलेला, कबाडीही घेत नाही असला माल. पुडी पोऱ्याच्या हातात देताना ती चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ये हमारा नहीं है. मेहमान का है."

मी गॅलरीतून आत सरकलो.

परत आली तेव्हा तिच्या हातात तीन पायांचं स्टूल होतं. गाडीवरूनच उतरवून घेतलेलं. "अहो," तिने हाक मारली, "चौथा पाय बसवायचाय." काकांनी घाईघाईने पेपर तोंडासमोर धरला. पण डब्यांच्या तळाशी घालायला तिने मधला गोल कापून घेतलेला होता, आणि त्यातून काका स्वच्छ दिसत होते.