साठावा दिवस

पोप ग्रेगरींच्या कॅलेंडरात १९०० हे लीप वर्ष नाही. ही उणीव लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीटने भरून काढली आणि एक्सेलने थोरल्यांचा मान राखून ती परंपरा चालवली. आजही एक्सेलच्या सेलमध्ये ६० लिहा, फॉरमॅट तारखेचा करा. २९ फेब्रुवारी १९०० हजर! हा हिशेब पायथॉनमध्ये न्यायचा तर ती उद्धट भाषा या दिवसाला ओळखच दाखवत नाही, तोंडावर एरर फेकते. म्हणून जाणकार मोजणी ३० डिसेंबर १८९९ पासून धरतात. मार्चपासून सगळे सुरळीत. (त्याआधीच्यांनी आपले आपण बघावे.) २९ फेब्रुवारी १९०० ला जन्मलेल्यांना शासनाने आता पेन्शन सुरू करावी, ही नम्र विनंती. हयातीचा दाखला मात्र एक्सेलमध्येच स्वीकारावा.