डझनभर लिंबं आणि लोणचं नाही!

अहो, या ना जरा कुंपणापाशी. जास्वंदीच्या इकडून या, तिकडून बोललेलं त्यांच्या स्वयंपाकघरात ऐकू जातं. शनिवारचं ऐकलंत का?

लिंबांचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. भाजीवाल्यानंच सांगितलं ना, कोपऱ्यावरच्या काकूंच्या सुनेनं डझनभर लिंबं नेली म्हणून. मला वाटलं लोणचं घालतेय. पण मोहरीची डाळ नाही, बरणी उन्हात नाही... मुद्दाम नव्हते हो बघत, कपडे वाळत घालताना दिसतं तेवढंच.

तर काय सांगत होते... जिन! चक्क जिनची बाटली, गोव्यात बनलेली. आणि सून सासूला काय म्हणते, "आई, यातली जुनिपरची फळं म्हणजे आयुर्वेदातली हपुषाच की!" काकूंचा चेहरा असा, की आता हिला काढा म्हणून पाजते की काय.

पेयाचं नाव टॉम कॉलिन्स. आत्याबाईंनी लगेच विचारलं, "हा कोण? जेवायला थांबणार आहे का?" मग जावईबापूंनी गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कात 1874 साली लोकांना एक खोड लागली होती म्हणे. कुणालाही गाठायचं आणि सांगायचं, "तो टॉम कॉलिन्स पलीकडच्या बारमध्ये बसून तुमच्याबद्दल काय वाट्टेल ते बोलतोय!" की तो गृहस्थ तावातावानं निघालाच शोधायला. या बारमधून त्या बारमध्ये. आणि असा कुणी टॉम नव्हताच हो! पेपरवालेसुद्धा सामील. पुढे 1876 मध्ये जेरी थॉमसच्या पुस्तकात याच नावाचं पेय छापून आलं. लोकांना तरी काय एकेक उठाठेवी, नाही? हसताय काय तुम्ही?

हां, तर कृती. एका ग्लासाला 60 मिली जिन, 30 मिली लिंबाचा ताजा रस आणि 15 मिली साखरेचं पाणी. साखर आणि पाणी सारखंच घ्यायचं, विरघळली की गॅस बंद. पण काकूंना कोण सांगणार? त्यांनी हौसेनं चांगला एकतारी पाक केला! बर्फाला लागला आणि बसला तळाशी गोळा होऊन. सून एवढंच म्हणाली, "आई, गुलाबजाम पुढच्या रविवारी करू." काकू जे गप्प झाल्या...

खरी मजा पुढेच. शेकर कुठला घरात? घेतली स्टीलची झाकणाची बाटली. जिन, रस, साखरपाणी, बर्फ, एवढंच हलवायचं असतं. जावईबापूंनी सोडाही आत ओतला आणि लागले घुसळायला! झाकण गेलं पंख्यापर्यंत आणि बाकी सगळं आत्याबाईंच्या नव्या इरकलीवर. सोडा शेवटी हो, ग्लासात, वरून, हळूच. एवढं तर मलाही कळतं. आत्याबाई पदर झटकत म्हणाल्या, "वास मात्र छान आहे."

तो सालीचा. सुरीनं लिंबाची नुसती पिवळी साल काढून ग्लासावर मुरगळायची, तिचं तेल उडतं ना. आतला पांढरा भाग आला की कडू झालंच. काकू मोसंबीचा आग्रह करत होत्या, सुनेनं ऐकलं नाही. बरोबरच केलं. मोसंबीला आंबटपणा कुठला? नुसतं गोडमिट्ट झालं असतं.

आणि धाकटा! ग्लास पुढे करून बसला होता बिचारा. वहिनी म्हणाली, "पंचवीस पूर्ण कर, मग ये." कायदाच आहे ना आपल्याकडे तसा. चोवीस वर्षांच्या घोड्याच्या हातात लिंबू-सोडा! तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मला कसं माहीत? अहो, विरजण मागायला गेले होते. रात्री नऊला लागत नाही का विरजण? आता काकूंनी "बसा हो" म्हटल्यावर उठून यायचं का? अर्धाच घेतला. पहिल्यांदा...

थांबा, थांबा, सून बाहेर आली. काय गं, तुळस छान फोफावलीय हो यंदा!