पेटाफ्लॉप आणि सही

१९९१ साली पुण्यात सी-डॅकचा 'परम ८०००' महासंगणक आला, २०१५ साली राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनला ४,५०० कोटी मंजूर झाले. यंत्राचा वेग पेटाफ्लॉपमध्ये मोजतात; त्यावर खातं उघडण्याच्या अर्जावर विभागप्रमुखांची सही मिळण्याचा वेग मोजणारं एकक मात्र अजून निघायचंय. सही मिळालीच, तर समोर काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर. जीवशास्त्राच्या पोरीनं आधी लिनक्स शिकायचं, मग यंत्रावरची कामं रांगेत लावणाऱ्या स्लर्मची स्क्रिप्ट लिहायची, मग रांगेत ताटकळायचं. ज्यांच्यासाठी आली ती प्रथिनं राहिली बाजूला! ओहायोच्या सुपरकॉम्प्युटर सेंटरनं 'ओपन ऑनडिमांड' काढून हे सारं ब्राउझरमध्ये आणलं, तेही फुकट. आपल्याकडे बसवायला कुणाची हरकत नाही म्हणे. फक्त समिती नेमावी लागेल, आणि समितीला बसायला जी खोली होती तिथे सध्या यूपीएस बसलाय.