सध्या काय वाचताय?

वाचनसंस्कृती आटली म्हणणाऱ्यांनी १५ ऑक्टोबरला शिरूर अनंतपाळमधल्या कुणाचेही स्टेटस उघडावे. डॉ. कलामांचा जन्मदिवस राज्यात २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. ‘सध्या काय वाचताय?’ या प्रश्नाला त्या दिवशी सगळ्यांचे उत्तर तयार असते: ‘अग्निपंख’. हातात पुस्तक, नजर कॅमेऱ्याकडे.

याच लातूर जिल्ह्यात, उदगीरला, एप्रिल २०२२ मध्ये ९५वे साहित्य संमेलन भरले. तिथून घरी आलेली कित्येक पुस्तके अजून कोरी करकरीत आहेत. इतकी निगा दुसरीकडे कोण राखतो?

आता शासनानेही मागे राहू नये. ग्रंथालयांना अ, ब, क, ड वर्ग आहेतच. ते वाचकांनाही द्यावेत. शंभर लाइकला ‘ड’, हजाराला ‘अ’. ग्रंथालयांनी नुसती मुखपृष्ठे ठेवावीत. कपाटे वाचतील, वाळवीही उपाशी मरेल.

अडचण एकच, ‘लातूर पॅटर्न’ची पोरे. नीटसाठी एनसीईआरटीचे जीवशास्त्र ती ओळ न ओळ, पुन्हा पुन्हा वाचतात आणि फोटो टाकत नाहीत. सध्या काय वाचतोस, असे विचारले तर म्हणतात, “वाचायला वेळ कुठंय काका, अभ्यास चालूय.”

त्यांना अर्थातच कोणताही वर्ग मिळणार नाही.