उद्गारचिन्ह चालत नाही

(स्थळ : पुण्यातलं फराळाचं जुनं दुकान. काळ : पितृपक्ष, म्हणजे दुकानात शुकशुकाट आणि एजन्सीत दिवाळी. गल्ल्यावर मालक. समोर स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन एजन्सीवाली. बरण्यांना टेकून मालकांचा भाचा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणून इंटरनेटमधला घरचा तज्ज्ञ.)

मालक : मॅडम, आपली जाहिरात गूगलवर दिसत नाही.

एजन्सीवाली : दिसते काका. काल ४०० वेळा दिसली.

मालक : मला दिसत नाही ना! रोज गल्ल्याची पूजा झाली की 'पुण्यातला फराळ' टाकून दहादा शोधतो. आधी दिसायची, आता गायब.

एजन्सीवाली : दिसायची तेव्हा काय करायचात?

मालक : पहिल्या दिवशी दाबली. मग हा म्हणाला, दाबलं की पैसे जातात.

एजन्सीवाली : १८ रुपये गेले.

मालक : माझ्याच दुकानात शिरायचे १८ रुपये? बरं झालं, नंतर नुसतीच बघत बसलो.

एजन्सीवाली : ते जास्त वाईट. गूगलला वाटतं, हे गृहस्थ रोज फराळ शोधतात आणि आपली जाहिरात बघून न बघितल्यासारखी करतात, म्हणजे ह्यांना नको असणार. मग तुम्हाला दाखवणं बंद.

मालक : मग दोन रुपये वाढवा आणि पहिला नंबर घ्या.

एजन्सीवाली : तिथे दर शोधाला लिलाव होतो, पापणी लवायच्या आत. त्यात नुसती बोली बघत नाहीत. जाहिरात किती कामाची आहे, दाबल्यावर उघडणारं पान कसं आहे, तेही बघतात.

मालक : लिलाव मला सांगू नका. मार्केट यार्डात जन्म गेला माझा. तिथे आडत्या समोर दिसतो, त्याच्याशी भांडता येतं. इथे कोण आहे?

एजन्सीवाली : कोणी नाही.

मालक : मग भांडायचं कुणाशी?

एजन्सीवाली : माझ्याशी. त्यासाठीच मला पगार आहे.

(मालकांना हे पटतं. ते चहा सांगतात. दोनच.)

मालक : हेडलाइन वाचा.

एजन्सीवाली : 'अस्सल घरगुती खमंग भाजणीची चकली'.

मालक : त्यात 'शुद्ध' घाला.

एजन्सीवाली : बसत नाही. ३० अक्षरांची मर्यादा आहे, आणि हे बरोबर ३० भरतं. काना, वेलांटी, अनुस्वार सगळं वेगळं मोजतात.

मालक : वेलांटीचे पण पैसे?

एजन्सीवाली : पैसे नाही, जागा.

मालक : बरं, शेवटी निदान उद्गारचिन्ह तरी टाका. जोर येतो.

एजन्सीवाली : हेडलाइनमध्ये उद्गारचिन्ह चालत नाही. गूगलचा नियम आहे.

मालक : चकली माझी, पैसे माझे आणि ओरडायचं नाही?

भाचा : मामा, एका जाहिरातीला १५ हेडलाइन देता येतात. यंत्र आपलं आपण दोन-तीन उचलून जोडतं.

एजन्सीवाली : हो. परवा त्याने 'आजीच्या हातची चव' आणि 'सर्व मालावर १० टक्के सूट' जोडलं.

मालक : (हात जोडून) आणि साखर नसलेल्या लाडवांची काय गत?

एजन्सीवाली : ती जाहिरात फेसबुकने नाकारली.

मालक : का? काय वाईट लिहिलं होतं मी?

एजन्सीवाली : 'तुम्हाला मधुमेह आहे का?' असं लिहिलं होतंत. वाचणाऱ्याच्या आजाराबद्दल त्याला थेट असं विचारता येत नाही.

मालक : मी गिऱ्हाईक आत आलं की पहिलं तेच विचारतो! तीही मोकळेपणी आकडा सांगतात, जेवणाआधीचा आणि नंतरचा.

एजन्सीवाली : 'साखर न घातलेले लाडू' करून पुन्हा पाठवलीय.

मालक : आणि त्या अनारशाचं काय? खसखस कुठे गेली फोटोतली?

एजन्सीवाली : (आवाज खाली आणत) आमच्या डिझायनरने अनारसा कधी पाहिला नव्हता. त्याला वाटलं कॅमेऱ्यावर धूळ बसलीय. तासभर एकेक ठिपका पुसत होता.

(इथे मालक बराच वेळ काहीच बोलत नाहीत. धंद्यात काही गोष्टींना उत्तर नसतं.)

एजन्सीवाली : तुमचा मेसेज रात्री सव्वाअकराला आला, तेव्हा मी एका दंतवैद्याच्या दसऱ्याच्या शुभेच्छा करत होते. आपट्याचं पान दाताच्या आकाराचं हवं होतं त्यांना. माझ्याकडे अकरा क्लायंट आहेत काका, आणि प्रत्येकाला पान वेगळं हवं असतं.

मालक : मी काही लगेच करा म्हटलं नव्हतं.

एजन्सीवाली : 'अर्जंट' असं तीनदा लिहिलं होतंत. मग गणपतीचं स्टिकर.

भाचा : मामा, परदेशी पार्सलांची जाहिरात?

एजन्सीवाली : तेच म्हणते. आजच सुरू करू. नव्या जाहिरातीत फेसबुकचं यंत्र आधी शिकतं. आठवड्याभरात साधारण ५० ऑर्डरी मिळाल्या की त्याला अंदाज येतो, फराळ कोण घेतं.

मालक : पक्ष चालू आहे. नवीन काही नाही. सर्वपित्री होऊ दे.

एजन्सीवाली : पार्सल दिवाळीआधी पोचायला हवं काका. आणि यंत्राला पक्ष नसतो.

भाचा : मग जुन्या जाहिरातीतच बदल करू. म्हणजे नवीन नाही.

एजन्सीवाली : मोठा बदल केला की शिकणं पुन्हा पहिल्यापासून.

मालक : गेल्या महिन्यात मी किती बदल सांगितले?

एजन्सीवाली : रोज एक. रविवारी दोन.

मालक : म्हणजे ते अजून पहिलीत?

एजन्सीवाली : बालवाडीत. डबा उघडायच्या आत तुम्ही घरी आणता त्याला.

मालक : असू दे. सर्वपित्रीनंतर न्यू जर्सीतल्या फक्त मराठी माणसांना दाखवा.

एजन्सीवाली : भाषा निवडता येते, पण तिथल्या मराठी माणसाचा फोन इंग्रजीत असतो.

मालक : मग आडनावं टाका.

एजन्सीवाली : आडनावावरून नाही निवडता येत.

मालक : लग्नाच्या साइटवर येतं.

(तेवढ्यात एक काकू दुकानात शिरतात. हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात मोबाइल, चष्मा कपाळावर.)

काकू : अहो, हे तुमचंच ना? सुनेने पाठवलंय जर्सीहून. दोन किलो चकली द्या आणि दोन किलो चिवडा. ह्यांचे मित्र निघालेत तिकडे, त्यांच्याबरोबर देते. नुसत्या कुरिअरच्या पैशांत इथे अर्धी दिवाळी होते.

एजन्सीवाली : (ताडकन उठून) काकू, सूनबाईंना हे कुठे दिसलं?

काकू : ते काय ते, इन्स्टावर.

एजन्सीवाली : मग त्यांनी त्यावर दाबलं का?

काकू : दाबते कशाला! स्क्रीनशॉट काढला आणि पाठवला मला.

भाचा : (लॅपटॉपमध्ये डोकावत) म्हणजे रिपोर्टमध्ये शून्य.

मालक : (खुशीत वजन करत) म्हणजे ही ऑर्डर तुमच्या जाहिरातीची नाहीच, मॅडम. ही आपल्या चकलीची.

काकू : आणि ह्यात १० टक्के सूट लिहिलीय, ती धरा.

मालक : ती ऑनलाइनवाल्यांना. दुकानात नाही.

काकू : मग इथेच उभं राहून ऑनलाइन करू का?

एजन्सीवाली : (आपलं स्टूल पुढे सरकवून) करा ना काकू. बसा तुम्ही. चष्मा लावा. कुठे दाबायचं ते मी दाखवते.